तंबोऱ्याची पेटी

वर्तमानपत्राचे पाच कागद एकमेकांना चिकटवून जमिनीवर अंथरले आणि त्यावर तंबोरा आडवा ठेवला. दांडीखाली उशी सरकवली. भोपळ्याचा सगळ्यात रुंद भाग जमिनीपासून वीतभर वर राहतो, त्यामुळे पेन्सिल नुसती कडेनं फिरवून भागत नाही. सुतारकामातला गुण्या उभा धरायचा, त्याची धार भोपळ्याला हलकेच टेकवायची आणि खाली कागदावर ठिपका द्यायचा. दोन-दोन बोटांवर एक ठिपका. अर्ध्या तासात कागदावर तंबोऱ्याची सावली उमटली. ती मधल्या रेघेवर दुमडून पाहिली, तर डावी बाजू उजवीवर बसेना. डावीकडचं पोट चौदा मिलिमीटर जास्त होतं.

हा तंबोरा वीस वर्षं माझ्याजवळ आहे आणि त्याआधी चाळीस वर्षं आत्याकडे होता. रोज मांडीशी घेऊन बसते, पण तो एका बाजूला भरलेला आहे हे मला कागद दुमडेपर्यंत कळलं नव्हतं. खरं तर कळायला हवं होतं. भोपळा शेतात वाढतो. मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी लागणारे मोठे, कडू भोपळे पंढरपूर–मंगळवेढा भागातल्या शेतांतून येतात. वेलीवर तो ज्या कुशीवर पडला, जितकं पाणी प्यायला, तसा त्याचा घाट होतो. मग तो महिनोन् महिने वाळतो. कारागीर तो कापतो, भिजवतो, आतून काठ्यांचे ताण देऊन तोंड रुंद करतो. मिरजेत हे काम दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललंय आणि 2024 साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिथेही दोन भोपळे कधी सारखे निघत नाहीत. म्हणून तयार मिळणारी पेटी कुठल्याच तंबोऱ्याला नीट बसत नाही. ती एका सरासरी भोपळ्यासाठी केलेली असते आणि तसा भोपळा कुणाच्याच घरात नसतो.

पेटी करायची वेळ आली ती एका तड्यामुळे.

आमच्याकडे तंबोऱ्याला गवसणी होती. आत्यानं स्वतः शिवलेली, जाड लाल सुती कापडाची, आत पातळ कापूस भरून टाके घातलेली. खुंट्यांकडे नाडी, भोपळ्याखाली बटणं. गगनाला गवसणी घालायची म्हणतो ना आपण, त्यातली ही गवसणी. वाद्याच्या अंगाबरोबर बेतलेला अंगरखाच म्हणा. धुळीपासून, ओरखड्यांपासून, उंदीर-झुरळांपासून तिनं तंबोरा साठ वर्षं सांभाळला. पण गवसणीला कणा नसतो. एका प्रवासात तंबोरा गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होता, शेजारी बॅगा होत्या. अचानक ब्रेक लागला, एक बॅग घसरली आणि तिचा कोपरा भोपळ्यावर बसला. आवाज फार मोठा झाला नाही. वाळकी काडी मोडावी तसा, एकदाच. गवसणी वरून अगदी धड होती. नाडी सोडली तेव्हा भोपळ्याच्या पाठीवर वीतभर लांबीची चीर दिसली आणि चिरेच्या मधोमध अंगठ्याएवढा तुकडा आत गेलेला.

तुटलेल्या कडेवर मी जाडी मोजली. पाच मिलिमीटर. एवढ्याशा सालीतून तो नाद येतो.

ज्या कारागिरांनी तो दुरुस्त केला त्यांनी तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, उचकटून आतून कापडाच्या पट्ट्या सरसानं चिकटवल्या, बाहेरून भुसा आणि सरसाचं लुकण भरलं, घासून पॉलिश दिलं. तीन आठवडे लागले. घ्यायला गेले तेव्हा त्यांनी तंबोरा माझ्या हातात देताना भोपळ्याच्या वर, जिथे तो दांडीला जोडतो त्या लाकडी गळ्यावर माझा हात नेऊन ठेवला. म्हणाले, "ताई, उचलताना इथे धरा. ठेवतानाही भार इथेच येऊ द्या. भोपळ्याला फक्त शेजार द्या, टेकू देऊ नका."

शेजार द्या, टेकू देऊ नका. पेटीचं सगळं गणित त्या एका वाक्यात होतं, हे मला काम सुरू केल्यावर हळूहळू उमगत गेलं.

पेटी म्हणजे बाहेरून टणक आणि आतून मऊ, एवढीच माझी आधीची कल्पना होती. भोपळ्याच्या मापाचा खड्डा करायचा, त्यात स्पंज भरायचा, झालं. पण टणक पेटीत ठेवलेली वाद्यंसुद्धा मोडतात, आणि त्यातली कितीतरी एकाच पद्धतीनं मोडतात. गिटारवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. भिंतीशी उभी ठेवलेली पेटी मागे कलंडते, पेटीला ओरखडाही येत नाही आणि आत गिटारची मान डोक्याखाली तुटलेली सापडते. कारण पेटी जमिनीवर आपटून थांबते, पण डोकं, त्यावरच्या खुंट्यांच्या वजनासकट, थांबत नाही. ते पुढे जाऊ पाहतं. मान जिथे सगळ्यात बारीक असते तिथे झटका बसतो. तंबोऱ्याची दांडी गिटारच्या मानेपेक्षा कितीतरी लांब, आतून पोकळ, आणि तिच्या टोकाला चार भरीव खुंट्या. दोन समोर, दोन बाजूंना. म्हणजे झटका घ्यायला आणखी सोयीची.

मग टेकू कुठे द्यायचे हे ठरलं. पहिला गळ्याखाली, रुंद आणि पक्का. दुसरा दांडीखाली, खुंट्यांच्या थोडा अलीकडे. खुंट्या मात्र पूर्ण मोकळ्या, चारही बाजूंनी हवेत. खुंटीला पेटीचा स्पर्श झाला तर प्रत्येक धक्का थेट तारेत आणि दांडीत जातो. भोपळ्याभोवती मऊ शेजार, पण तो भार उचलणार नाही, फक्त हलू देणार नाही. आणि घोडीवर, म्हणजे तबलीवरच्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्यावर, आणि तबलीवर काहीही नाही. घोडी तारांच्या दाबानं बसलेली असते, तिच्यावर तासून काढलेली जवारी, म्हणजे झणकार देणारा हलका उतार, केसाएवढ्या फरकानं बिघडते आणि तारेखालचं सूत जरा सरकलं की सगळा झणकार जातो. झाकणाच्या आतल्या बाजूनं तिथे काहीतरी टेकतंय, ही कल्पनाच मला सहन होईना.

फोमचा प्रश्न मी समजत होते त्यापेक्षा फार अवघड निघाला, आणि माझा सगळ्यात जास्त वेळही त्यानंच खाल्ला.

एक मीटर उंचीवरून पेटी पडली असं धरू. जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी साधारण सोळा किलोमीटर असतो. आतल्या वाद्याला हा वेग शून्यावर आणायला जेवढं अंतर मिळेल त्यावर सगळं अवलंबून. एक सेंटिमीटर मिळालं, तर वाद्याला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ शंभरपट जोर सोसावा लागतो. पाच सेंटिमीटर मिळालं, तर वीसपट. आता मेख अशी की दोन सेंटिमीटर जाडीचा फोम दोन सेंटिमीटर दबत नाही. अर्धा दबला की तो घट्ट होत जातो आणि शेवटी फळीसारखा वागतो. म्हणून जाडी दिसते त्याच्या निम्मीच मोजायची. हा हिशेब केल्यावर माझ्या कागदावरची पेटी सगळ्या बाजूंनी फुगली.

जाडी वाढवूनही भागत नाही, कारण मऊपणाही वजनाशी जुळावा लागतो. तंबोरा दिसायला मोठा, पण वजनाला अगदी हलका. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा, कडक ईपीई फोम मी आधी आणला. त्यावर तंबोरा ठेवला तर फोम दबायचं नाव घेईना. एवढ्या हलक्या वाद्याला तो लाकडी फळीसारखाच. गादीत असतो तो पीयू फोम आणला, तर तंबोरा त्यात थेट तळापर्यंत बुडाला. शेवटी थर लावले. खाली कडक, वर मऊ, आणि वरच्या थराची जाडी अशी की तंबोरा ठेवल्यावर तो साधारण दहाव्या हिश्शाएवढा खचावा. पट्टी लावून, तुकडे बदलून बदलून बघत हे जमवलं. पीयू फोमचा आणखी एक दुर्गुण आहे. काही वर्षांत तो पिवळा पडतो, चिकट होतो आणि भुगा व्हायला लागतो. जुन्या पेट्या उघडल्यावर वाद्याच्या पाठीला तपकिरी राळ चिकटलेली दिसते ती याचीच. म्हणून मऊ थर गोंदानं न चिकटवता वेल्क्रोनं लावलाय. खराब झाला की काढून नवा बसवता येईल.

तशीच गोष्ट रेक्झिनची. बाहेरून रेक्झिन चालतं, पाणी अंगावर येऊ देत नाही. आतून मात्र नको. ते मऊ राहावं म्हणून त्यात जी द्रव्यं घातलेली असतात ती हळूहळू बाहेर येतात आणि लाखेच्या पॉलिशला लागली तर ते मऊ पडतं, डाग पडतात. पॉलिशला लागेल ते फक्त सुती कापड, हे मी पक्कं केलं. ते कापड कुठून आलं ते पुढे सांगते.

कवच प्लायचं. मापं ठरली ती अशी: लांबी 132 सेंटिमीटर, भोपळ्याकडे रुंदी 46 आणि खोली 40, खुंट्यांकडे दोन्ही वीस-वीस. निमुळती होत जाणारी लांब पेटी. भोपळ्याच्या गोलाईप्रमाणे प्लाय वाकवायचा मोह झाला होता, पण ते कसब माझ्या हातात नाही आणि सपाट बाजूंची पेटी जमिनीवर गडगडत नाही हा तिचा गुणच. सगळा प्लाय 6 मिलिमीटरचा घेतला असता तर नुसत्या लाकडाचं वजन पावणेसात किलो झालं असतं. म्हणून दोन्ही टोकांना 6 मिलिमीटर आणि बाकी सगळीकडे 4 मिलिमीटर वापरला, आतून कोपऱ्याकोपऱ्याला सागाच्या बारीक पट्ट्या दिल्या. फोम, बिजागरी, कड्या धरून भरलं ते सव्वासात किलो. उचलायला जड आहेच. पण पेटी इतकी जड झाली की ती न्यायचाच कंटाळा येतो आणि मग वाद्य पुन्हा गवसणीत जातं, ही भीती मला शेवटपर्यंत होती, म्हणून ग्रॅम-ग्रॅम भांडून वाचवला.

झाकण आणि तळ वेगवेगळे करायचे नाहीत, ही युक्ती मला एका सुतारकाकांनी सांगितली. "दोन केलेस तर कधीच जुळणार नाहीत पोरी," ते म्हणाले. "आधी सगळीकडून बंद खोकं कर. गोंद वाळला की करवतीनं काप." मी तसंच केलं. सहाही बाजू फेविकॉलनं जोडल्या, दोऱ्या आवळून दोन दिवस ठेवल्या. तिसऱ्या दिवशी समोर एक पूर्ण बंद खोकं उभं होतं. ना दार, ना फट. बोटानं वाजवलं तर ढोलासारखं घुमलं. तळापासून सारखं अंतर ठेवून चारही बाजूंनी रेघ मारली, तिच्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे प्लायचे छिलके उडणार नाहीत, आणि बारीक दात्यांची करवत रेघेवर ठेवली. पहिल्या दोन इंचांनंतर आतली हवा बाहेर आली. ताज्या लाकडाचा आणि गोंदाचा आंबूस वास. लांबीच्या दोन्ही बाजू कापून झाल्यावर खोकं स्वतःच्या वजनानं करवत चिमटायला लागलं, तेव्हा फटीत काडेपेटीचा पुठ्ठा सरकवून ती उघडी ठेवली. शेवटचा कोपरा सुटला आणि झाकण अलगद एका बाजूला सरकलं. ते परत ठेवलं तर कडेवर कड इतकी बरोबर बसली की चिकटपट्टी नसती तर कुठे कापलं ते शोधावं लागलं असतं.

तळाच्या कडेला आतून बोटभर वर येणारी प्लायची पट्टी लावली. झाकण त्यावर चढतं, त्यामुळे धूळ आत जात नाही आणि बाजूनं धक्का बसला तरी झाकण सरकत नाही. मागे पूर्ण लांबीची पियानो बिजागरी, पुढे तीन कड्या. झाकण मागे पडून बिजागरी उखडू नये म्हणून आत दोन्ही बाजूंना सुती पट्टा. 4 मिलिमीटरच्या प्लायमध्ये स्क्रू पकड धरत नाही, म्हणून सगळीकडे आरपार बोल्ट आणि आतून पत्र्याची चकती, वर फोम. ही कामं सांगण्यासारखी नाहीत, पण वेळ घेतात.

मूठ कुठे लावायची हे मात्र सांगण्यासारखं आहे. मी ती सहज मधोमध लावणार होते. त्याआधी तंबोरा आत ठेवून पेटी बंद केली आणि एका गोल पाइपवर आडवी ठेवून मागेपुढे सरकवत राहिले. कुठे दोन्ही टोकं उचलली जाऊन पेटी स्थिर राहते ते पाहिलं. तो बिंदू मध्यापासून भोपळ्याच्या बाजूला दहा-बारा सेंटिमीटर होता. मूठ मध्यावर लागली असती तर चालताना भोपळ्याचं टोक कायम खाली झुकलं असतं आणि प्रत्येक पायरीला आपटलं असतं.

नंतरची परीक्षा झाकणाची. बंद पेटीत काय कुठे टेकतं ते दिसत नाही. त्यासाठी मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती घेतली, बोराएवढ्या गोळ्या केल्या, प्रत्येक गोळी पातळ कागदाच्या तुकड्यावर ठेवून घोडीवर, तबलीवर आणि समोरच्या दोन खुंट्यांवर बसवली. झाकण लावलं, कड्या घातल्या, उघडलं. घोडीवरची गोळी गोल होती. तबलीवरच्या गोल होत्या. एका खुंटीवरची चपटी झाली होती, जेमतेम दोन मिलिमीटर उरलेली. बंद पेटी सुरेख दिसत होती, कुठे काही कुरकुरत नव्हतं, आणि तरीही एखाद्या धक्क्याला ती खुंटी झाकणाला भिडलीच असती. तिथला फोम कापून खोलगट केला. दुसऱ्यांदा सगळ्या गोळ्या गोल निघाल्या.

हे सगळं चालू असताना गाण्याच्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं विचारलं, "तू पेटी करतेयस म्हणे! सूर कोण लावून देणार?" आपल्या गायनाच्या जगात पेटी म्हणजे हार्मोनियमच. तंबोऱ्याच्या पेटीला असा स्वतःचा शब्दही नाही, आणि मला वाटतं, याचं कारण तंबोरा फारसा प्रवास करायचाच नाही. तो कोपऱ्यात उभा असायचा, गाणारे त्याच्याकडे यायचे.

लाकडी पेटीचा एक गुण मात्र फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन भांडारात पाच तारांची एक बिवा, म्हणजे छेडून वाजवायचं तंतुवाद्य, आहे, आठव्या शतकातली, शिंपल्याच्या जडावाची. तिथल्या वस्तू शेकडो वर्षं सुगी या जपानी सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या पेट्यांत, जमिनीपासून उंच बांधलेल्या लाकडी कोठारात राहिल्या. बाहेर पाऊस असो की कडक कोरडेपणा, पेटीचं लाकूड आधी ओल शोषतं, आधी सोडतं, त्यामुळे आतली हवा सावकाश बदलते. वाद्याला घातक असतो तो अचानक बदल. हवेतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडी वाद्य सुखात असतं. माझ्या पेटीत एक लहानसा आर्द्रतामापक आहे आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी. उन्हाळ्यात पुडी काढून टाकते, कारण फार कोरडा झालेला भोपळा ठिसूळ होतो. उन्हात उभ्या गाडीत मात्र कुठलीच पेटी वाचवत नाही. सरस गरमीनं मऊ पडतो, आणि बंद गाडीत तेवढी गरमी सहज होते. बाहेरून फिकट रंगाचं रेक्झिन लावलं ते एवढ्यासाठीच, पण त्या भरवशावर मी तंबोरा गाडीत सोडून कधी उतरत नाही.

अस्तराचं सुती कापड राहिलं होतं. नवं, कोरं कापड खळीचं आणि रंग सोडणारं असतं. मला हवं होतं ते शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं, रंग जायचा तेवढा जाऊन चुकलेलं. असं कापड घरात एकच होतं. ते मागायचं कसं, या विचारात आठ दिवस गेले. शेवटी आत्याकडे गेले, पेटीचे फोटो दाखवले आणि म्हणाले, "आत्या, तुझी गवसणी उसवू का?"

ती काही बोलली नाही. आता तिचं वय चौऱ्याऐंशी, गाणं थांबून बरीच वर्षं झाली. फोटो पुन्हा मागे-पुढे करून पाहिले. मग म्हणाली, "आण इकडे. तू फाडशील. टाके मी घातलेत, मीच काढते."

खिडकीशी बसून तिनं दोन दुपारींत सगळी गवसणी उसवली. लहान कात्रीचं टोक टाक्याखाली घालायचं, दोरा उचलायचा, कापायचा, पुढचा टाका. बटणं काढून एका डबीत ठेवली. शिवणीत दबलेलं कापड गडद लाल होतं, बाकीचं विटकरी. भोपळ्याला जो भाग लागायचा तिथे कापड पातळ, जवळजवळ आरपार दिसणारं. तिनं तो हातावर पसरून बघितला. "हा गळ्याखाली नको घालू," म्हणाली. "तिथे भार येणार ना? जाड बाजू तिथे लाव. पातळ भोपळ्याला."

तसंच लावलंय. गळ्याखाली नाडीकडचं जाड कापड, भोपळ्याभोवती पातळ, आणि दांडीच्या टेकूवर शिवणीतली ती गडद पट्टी.

मागच्या महिन्यात पहिल्यांदा तंबोरा पेटीतून बाहेर नेला. निघताना तारा दीड-दोन स्वर उतरवल्या, पूर्ण सैल केल्या नाहीत, नाहीतर घोडी जागा सोडते. सूर बारीक जुळवायचे तारांवरचे मणी जिथे होते तिथेच ठेवले. तंबोरा आत निजवला, पट्टा बांधला, झाकण लावलं आणि तीन कड्या एकामागून एक बसवल्या. उचलण्याआधी झाकणावर दोन बोटांनी टकटक केलं आणि कान लावला. आधी प्लायचा कोरडा आवाज आला. तो विरला आणि त्याच्या खालून, उतरलेल्या चार तारांचा, कुठल्याच सुरात नसलेला, बारीक झणकार बराच वेळ येत राहिला.